एकच थाप, बाकी सगळं खरं: ‘व्हॉट-इफ’ विमान आणि जुने डिकल

माझ्याकडे मिग-२१ च्या एका जुन्या प्लास्टिक मॉडेल किटचा फक्त डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चढवायच्या छापील खुणांचा, कागद उरला आहे. विमान शाळेत असताना जोडलं होतं. पुढे पुतण्याने ते खरंच उडतं का, हे गच्चीवरून तपासलं आणि विषय संपला. कागद मात्र एका वहीत राहिला, कारण तेव्हा मला डिकल लावताच येत नव्हते. पांढरं होतं ते चहाच्या रंगाचं झालंय, कोपरा वाळवीने चाखलाय, पण भारतीय हवाई दलाची सहा तिरंगी वर्तुळं, म्हणजे राउंडेल, शाबूत आहेत. या सहा वर्तुळांचं काय करता येईल, इथून माझ्या पहिल्या व्हॉट-इफ विमानाची सुरुवात झाली. नव्या माणसाने याच टोकाकडून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. आधी डिकल, मग विमान.

व्हॉट-इफ म्हणजे ‘असं झालं असतं तर’. खऱ्या विमानाचं प्लास्टिकचं स्केल मॉडेल घ्यायचं आणि ते जे कधी झालंच नाही ते करायचं: कधी दुसऱ्या देशाच्या रंगात, कधी दुसऱ्या इंजिनासह, कधी दोन किट एकत्र करून तिसरंच विमान. लोकांना वाटतं इथे काहीही चालतं. चालतं, पण मग ते खेळणं दिसतं. बघणाऱ्याने क्षणभर थबकून ‘हे आपल्याकडे होतं का हो?’ असं विचारावं, असं वाटत असेल तर थाप एकच मारायची. बाकी सगळं खरं ठेवायचं.

थाप कुठली मारायची

‘असं झालं असतं तर’ म्हणता येईल अशा फटी आपल्या इतिहासात भरपूर आहेत. एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, मारुत हे लढाऊ विमान घ्या. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने आराखडा केलेलं हे विमान १७ जून १९६१ ला उडालं, पण ज्या ताकदीचं इंजिन हवं होतं ते त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. ‘मिळालं असतं तर’ हे तयार व्हॉट-इफ आहे. पण पहिल्याच प्रयत्नात शेपटाकडची बाजू कापून नवी करणं जड जाईल. नवशिक्याला नुसतं रंग आणि खुणा बदलून होणारं विमान हवं.

मी निवडलं लॉकहीडचं एफ-१०४ स्टारफायटर. कारण इथली फट खरी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेने हे विमान पाकिस्तानला दिलं. भारतालाही ते हवं होतं. मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण वॉशिंग्टनला गेले, तेव्हाच्या मागण्यांमध्ये एफ-१०४ होतं. अमेरिकेने ते द्यायची तयारी दाखवली नाही. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरू गेले आणि चव्हाणांना परतावं लागलं. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. मिग-२१ भारतात आधीच पोचलं होतं, १९६३ मध्ये चंदीगडला पहिली स्क्वाड्रनही उभी राहिली होती. आता ते इथेच बनवायचं पक्कं झालं आणि नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. चव्हाण तेव्हा नाशिकचेच खासदार होते. आजही लोक त्या गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात. वॉशिंग्टनने हो म्हटलं असतं तर एसटीच्या पाटीवर काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला किट जोडताना सारखा पडायचा.

पुढची गंमत अशी की १९७१ च्या युद्धात ही दोन्ही विमानं समोरासमोर आली आणि आपल्या मिग-२१ नी पाकिस्तानची एफ-१०४ पाडली.

आता कागद घ्या आणि चार ओळींची बखर लिहा. माझी अशी होती: मे १९६४ मध्ये होकार मिळाला. १९६६ मध्ये पहिली विमानं लोहगावला आली. रंग दिलेला नाही, उघडी धातूच. साल सप्टेंबर १९६७. बस्स. पुढे दर वेळी शंका आली की या चार ओळी बघायच्या. विमान हिरव्या-तपकिरी रंगात हवं का? नको, १९६७ मध्ये आपली मिगसुद्धा चकाकत्या धातूतच होती, घाईघाईचे छलावरणाचे रंग १९७१ च्या युद्धात आले. क्षेपणास्त्रं कुठली? अमेरिकेकडून विमान घेतलं म्हणजे साइडवाइंडर. बखर नसली की माणूस विमानाला आवडेल ते लटकवत सुटतो.

कागद मोजा, मग किट मागवा

मॉडेलचं माप १/७२ असेल तर खऱ्या वस्तूला ७२ ने भागायचं. एफ-१०४ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६.६३ मीटर, म्हणजे मॉडेलवर ९२ मिलिमीटर. लांबी १६.६६ मीटर, म्हणजे २३१ मिलिमीटर. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, मॉडेलवर ९९. म्हणजे मिगची वर्तुळं स्टारफायटरच्या पंखावर बसतील. हे किट मागवायच्या आधी कळलेलं बरं.

जुन्या कागदांबाबत एक युक्ती फार उपयोगी पडते. २४ इंची, म्हणजे ६१ सेंटिमीटरचं राउंडेल १/७२ मध्ये साडेआठ मिलिमीटर होतं आणि १/४८ मध्ये १२.७ मिलिमीटर. आता १/४८ च्या कागदावरचं तेच १२.७ मिलिमीटरचं वर्तुळ १/७२ च्या विमानावर लावलं, तर ते ३६ इंची झालं. म्हणजे दुसऱ्या मापाचा कागद टाकाऊ नसतो, तो फक्त वेगळ्या आकाराची वर्तुळं देतो. पट्टी घेऊन बसा, वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि पेन्सिलने कागदाच्या मागे लिहा.

एफ-१०४ चं १/७२ किट हासेगावा आणि रेव्हेल दोघांनीही काढलंय. पहिल्यांदा साधं, कमी भागांचं, कुणाकडून तरी वापरात न आलेलं मिळालं तर तेच घ्या. व्हॉट-इफसाठी महागडं किट फोडताना हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने डिकल लागत नाही.

जुना कागद जिवंत आहे का

डिकल म्हणजे स्टिकर नव्हे. आजीच्या शिवणयंत्रावरची सोनेरी नक्षी आठवते? ती याच जातीची. कागदावर गोंदाचा थर, त्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर छपाई. पाण्यात भिजवलं की गोंद सुटतो आणि पापुद्रा सरकतो. कागद जुना झाला की तीन गोष्टी बिघडतात: पापुद्रा पिवळा पडतो, ठिसूळ होतो, किंवा गोंद मरतो. आपल्याकडे चौथीही आहे, पावसाळा. दमट हवेत कागदावरचा संरक्षक पातळ कागद डिकललाच चिकटून बसतो आणि ओढला की छपाईसकट येतो. असं झालं असेल तर ओढू नका. कोमट पाण्याने ओला केलेला ब्रश वरून फिरवा, तो कागद भिजून आपोआप सुटेल. खालच्या डिकलला फार पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच.

पाण्याजवळ जायच्या आधी कागद स्कॅन करा. निदान ६०० डीपीआयवर, शेजारी पट्टी ठेवून. पुढे काहीही फुटलं तरी स्कॅनवरून कोऱ्या डिकल पेपरवर छापून घेता येतं. मात्र घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. राउंडेलचं मधलं वर्तुळ पांढरं दिसायचं तर पांढऱ्या डिकल पेपरवर छापून काठाला अगदी लागून कापावं लागतं. आणि इंकजेटची छपाई पाण्यात विरघळते, म्हणून आधी क्लिअर स्प्रेचे दोन-तीन पातळ हात हवेत.

पिवळेपणावर उपाय उन्हाचा. कागद झिपच्या पिशवीत घाला, दाबून हवा काढा आणि छपाईची बाजू बाहेर करून खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटवा. आठवडा ते पंधरा दिवस लागतात, एप्रिलच्या उन्हात त्याआधीही होतं. दर दोन दिवसांनी बघायचं, कारण ऊन पिवळेपणाबरोबर केशरीसुद्धा खाऊ शकतं. माझ्या कागदाचा चहा दहाव्या दिवशी दुधासारखा झाला. आमच्या घरी मात्र ‘खिडकीला हे काय लावून ठेवलंय’ हा प्रश्न महिनाभर टिकला.

मग परीक्षा. कागदावर एखादी निरुपयोगी खूण असतेच, न लागणारा आकडा, एखादा बाण. ती कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा आणि बोटाने हलकेच सरकवून बघा. अख्खी सरकली तर नशीब. तुकडे झाले तर घाबरायचं कारण नाही, बाकीच्या कागदावर नवा पापुद्रा चढवायचा. त्यासाठी मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म मिळतं. मऊ ब्रशने एकाच दिशेने एक हात द्यायचा, पुन्हा पुन्हा घासायचं नाही आणि रात्रभर वाळू द्यायचं. ते नसेल तर क्लिअर लॅकर स्प्रेचे दोन पातळ हात. एक लक्षात ठेवा, असं केल्यावर सगळा कागद एकच अखंड पापुद्रा होतो, म्हणून प्रत्येक खूण छपाईच्या अगदी कडेने कापावी लागते. नव्या ब्लेडने, दाबून, एका फटक्यात. बोथट ब्लेडने कापलं की तिथूनच तडा जातो.

विमान जोडणं

इथे मी झरझर पुढे जाणार आहे, कारण किटमधला सूचनांचा कागद सगळं सांगतो. भाग प्लास्टिकच्या चौकटीपासून निपरने सुटे करा, चिकटवण्याआधी कोरडेच जुळवून बघा, प्लास्टिक सिमेंट थोडंच लावा. फटी पुट्टीने भरा आणि वॉटर पेपरने घासा: ४०० ने सुरू करून ८००, १२००, शेवटी २०००. हे कागद गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात. उघड्या धातूच्या विमानावर एक ओरखडासुद्धा लपत नाही, म्हणून शेवटचा कागद आळस न करता फिरवा.

स्टारफायटरच्या दोन गोष्टी जपायच्या. पंखांच्या पुढच्या कडा. खऱ्या विमानात त्या इतक्या धारदार होत्या की जमिनीवर असताना त्यांना आवरण घालून ठेवत, माणसं कापू नयेत म्हणून. घासताना त्या गोल झाल्या की विमानाचा रुबाब गेला. दुसरं म्हणजे पंख खाली झुकलेले असतात, दहा अंशांनी. जाड पुठ्ठ्यातून तो कोन कापा आणि सिमेंट वाळेपर्यंत पंखांखाली टेकू द्या. माझ्या पहिल्या विमानाचा डावा पंख कोन धरून आहे, उजवा जरा स्वतंत्र विचारांचा आहे.

पंख लहान आणि सुटे असतात, तेव्हा ते वेगळेच रंगवा आणि शेवटी लावा. वरून पांढरे, खालून फिकट राखाडी. अमेरिकी विमानांवर हीच पद्धत होती, आणि एकच थाप मारायची या नियमाने आपण ती बदलायची नाही. धडासाठी आधी चकचकीत काळा रंग, तो पूर्ण वाळला की त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ हात. काळ्याशिवाय धातू पिठासारखी दिसते. खिडकी उघडी, तोंडावर मास्क, आणि जुलैच्या संततधारेत स्प्रे बंद. दमट हवेत लॅकरवर पांढरट धुकं येतं. घाटाखालच्या लोकांनी ही कामं दिवाळीनंतरच काढावीत.

डिकल लावायचा दिवस

खडबडीत पृष्ठभागावर डिकल ठेवलं की खाली हवेचे बारीक कप्पे राहतात आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. हे टाळायला जिथे जिथे खुणा लागणार तिथे आधी क्लिअर ग्लॉस द्या आणि दोन दिवस थांबा. बोट लावून चिकट वाटत असेल तर तिसरा दिवसही थांबा. या टप्प्यावर घाई करून मी एक आख्खं शेपूट पुन्हा रंगवलंय.

टेबलावर हे असू द्या: उथळ बशीत कोमट पाणी, चपट्या टोकाचा चिमटा, दोन मऊ ब्रश, कापसाच्या काड्या, टिश्यू, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकल बसवायची दोन द्रावणं. सेटला व्हिनेगरचा वास येतो, तो डिकलखाली लावायचा. सोल जहाल, तो वरून लावायचा, डिकल मऊ होऊन खाचांमध्ये बसतं. सोल आधी त्या निरुपयोगी खुणेवर वापरून बघाच. काही जुनी शाई त्यात वितळते.

पंखापासून सुरू करा. जागेवर सेटचा थेंब पसरवा. राउंडेल पाण्यात बुडवा, लगेच काढा, टिश्यूवर ठेवा. जुन्या डिकलला पाण्यात तरंगत सोडायचं नाही, होता नव्हता तेवढा गोंदही धुऊन जातो. सुटलं की कागदासकट विमानाजवळ न्या आणि ब्रशने कागदावरून पंखावर सरकवा. चिमट्याने उचलून नेऊ नका. जागेवर आणलं की कापसाच्या ओल्या काडीने मधून कडेकडे लोळवत पाणी काढा. गोंद मेलेला असेल तर सेटऐवजी पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल चालतं, दुधाइतपत पातळ. कडेने बाहेर आलेलं ओल्या काडीने लगेच पुसा.

अर्ध्या तासाने वरून सोल. आता डिकलला सुरकुत्या पडतील, अगदी भिजलेल्या पापडासारख्या, आणि तुमचा जीव वरखाली होईल. हात मागे बांधून उभे राहा. वाळताना ते आपोआप ताणून बसतं. त्या वेळी बोट लावलं तर मात्र कायमची घडी.

जुन्या छपाईत दोन खोड्या हमखास असतात. केशरी पातळ असतं, चकचकीत धातूवर ते विटकरी दिसतं. यावर उपाय म्हणून त्याच मापाचं पांढरं वर्तुळ पांढऱ्या डिकलमधून कापून आधी खाली लावायचं, ते वाळलं की वर राउंडेल. दुसरी खोड म्हणजे रंग सरकलेले असणं. आपल्या राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. हिरवं अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी अंड्याचा बलक हललेला दिसतो. अशी वर्तुळं पंखाखाली लावा. फोटोत पंखाखालचं कुणी बघत नाही.

डिकल हातातच फुटलं तर? तुकडे पाण्यात सोडू नका. ओल्या ब्रशने एकेक तुकडा विमानावरच जुळवा, भरपूर पाण्यात ते सरकतात. वाळल्यावर भेगांमध्ये बारीक ब्रशने रंग भरा. माझ्या विमानाच्या डाव्या पंखावरचं राउंडेल तीन तुकड्यांचं आहे.

क्रमांक आणि बारीक खुणा

खोटेपणा इथेच पकडला जातो. आपल्या हवाई दलात विमानाच्या जातीनुसार क्रमांकाआधीची इंग्रजी अक्षरं ठरलेली होती: हंटरला बीए, नॅटला आयई, मिग-२१ ला सी. मिगच्या कागदावरचा सी असलेला क्रमांक जसाच्या तसा स्टारफायटरवर लावला, तर जाणकार माणूस दारातूनच हसेल. म्हणून मिगचे आकडे घ्या आणि अक्षरं दुसऱ्या एखाद्या कागदावरून आणा. अक्षर नसेल तर घडवा. इंग्रजी ‘ई’ची खालची रेघ कापली की ‘एफ’ होतो, ‘क्यू’ची शेपटी कापली की ‘ओ’, आठाच्या आकड्याच्या डाव्या बाजू कापल्या की तीन. ठसा आणि जाडी मात्र एकच हवी. क्रमांक लावताना आधी पेन्सिलची नव्हे, मास्किंग टेपची सरळ कड धरा, नाहीतर आकडे एसटीतल्या प्रवाशांसारखे कलतात.

‘रेस्क्यू’चा बाण, इजेक्शन सीटचा त्रिकोण, ‘नो स्टेप’ अशा खुणा एफ-१०४ च्या किटमधल्याच वापरा, मिगच्या नको. अमेरिकी कारखान्यातून आलेल्या विमानावर त्या इंग्रजीतच असणार होत्या. किटमधले अमेरिकी तारे फेकू नका. एक तारा नाकाच्या बाजूला कुठे बसतो ते खोक्यावरच्या चित्रात बघा आणि राउंडेल नेमकं तिथेच लावा. शेपटावरच्या तिरंगी पट्ट्यांचा क्रम आठवणीने लावू नका, १९६० च्या दशकातल्या आपल्या मिगचा किंवा हंटरचा त्याच बाजूचा फोटो समोर ठेवा.

सगळं वाळलं की ओल्या कपड्याने सुकलेल्या गोंदाचे डाग पुसा, एक दिवस थांबा आणि वरून सॅटिन क्लिअरचा पातळ हात द्या. मॅट नको, धातू मरते. पहिला फवारा अगदी भुरभुरता, कारण जुनी शाई ओल्या लॅकरखाली पसरू शकते.

उरलेला कागद सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत घाला, पुठ्ठ्यावर सपाट ठेवा, आणि वर लिहा: कुठल्या किटचा, कुठलं माप, ऊन कधी दाखवलं, कुठला हात दिला, काय काय वापरून झालं. माझ्या पिशवीवर आता ‘राउंडेल शून्य, आकडे अकरा’ असं लिहिलंय.